विषारी कचरा : सरकारी धोरणाचा ताळेबंद



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला जो विषय कळवला तो असा : 'घातक कचऱ्याच्या निर्मूलनाचे शासकीय धोरण व त्याची परिणामकारकता.' विषय भारदस्त आहे. मी तो माझ्या सोयीसाठी जरा सुटसुटीत करून घेतो. कारखाना चालतो, माल बाहेर जातो, नफा वाटला जातो आणि जमिनीत विष मागे राहते. हे विष उचलण्याचे सरकारने ठरवले. ते उचलले गेले काय? आणि गेले असेल तर किती, कोणाच्या खर्चाने आणि कोठे? एवढ्याच प्रश्नांवर मी आज बोलणार आहे.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कामगार संघटनेच्या कामात जन्म गेला, त्यात रासायनिक कारखान्यांचे कामगार पुष्कळ होते. पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात, एवढ्यासाठी मी शब्दकोश घेऊन बसलो आणि मग त्या चिठ्ठ्यांचा मला नादच लागला. तेव्हा आजच्या भाषणात शास्त्र थोडे आणि हिशेब अधिक असेल, हे आधीच सांगून ठेवतो. कामगाराला हिशेब करावाच लागतो. त्याच्या पगारपत्रकावर कोणी विश्वासाने सही करत नसते.

प्रथम घातक कचरा म्हणजे काय, ते पाहू. आपल्या मनात कचरा म्हटला की उकिरडा येतो. तो हा नव्हे. रिअॅक्टरच्या तळाशी जमलेला काळा डांबरासारखा चिकटा, सांडपाण्याच्या प्रक्रियेनंतर उरणारा गाळ, वापरून निकामी झालेले उत्प्रेरक, जळके तेल, तारीख उलटलेली कीटकनाशके, आणि ज्या पिंपांतून हे सारे आले ती रिकामी पिंपे. शेणाची दोन महिन्यांत माती होते. यांतले कित्येक पदार्थ चाळीस वर्षांनीही तसेच राहतात. पाऊस पडला की ते जमिनीत झिरपतात, विहिरीला लागतात आणि मग त्यांचा पत्ता कारखान्याच्या फाटकावर लिहिलेला नसतो.

रिकाम्या पिंपांवरून एक गोष्ट सांगतो. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यातील निळी पिंपे कामगारांच्या वस्तीत पाणी साठवायला आलेली मी पाहिली. मुलांच्या अंगावर पुरळ उठले म्हणून आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे एक पावती दाखवली. पिंपे भंगारवाल्याला विकली होती. विकल्यावर माल त्याचा, जबाबदारीही त्याची. नाव घेत नाही, कारण त्या काळी हेच उत्तर कोठल्याही फाटकावर मिळाले असते. पण 'विकले की सुटलो' ही जी युक्ती त्या पावतीत होती, तीच पुढे मी फार मोठ्या प्रमाणावर चाललेली पाहिली. ती जागा म्हणजे भोपाळ.

भोपाळची दुर्घटना आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते त्याच आवारातील दुसऱ्या विषाबद्दल. ते त्या रात्रीच्या कितीतरी आधीपासून तेथे होते आणि त्या रात्रीनंतरही तेथेच राहिले.

हा कारखाना १९६९ साली सुरू झाला. तेव्हापासून कारखान्याचा टाकाऊ माल आवारातच पुरला वा टाकला जात होता. पुढे तपासणी झाली तेव्हा अशा एकवीस जागा मोजल्या गेल्या. १९७७ साली आवाराबाहेर उत्तरेला सुमारे ३२ एकरांवर बाष्पीभवनाची तळी केली. कल्पना अशी, की विषारी पाणी उन्हात आटेल आणि गाळ तळाशी प्लॅस्टिकच्या अस्तरावर राहील. अस्तर फाटले. १९८२ साली तळी गळत असल्याची तार खुद्द कंपनीच्या कचेरीतून गेलेली आहे. म्हणजे वायू सुटला त्याच्या दोन वर्षे आधी जमिनीतील गळती कंपनीच्या दप्तरी नोंदलेली होती. त्या काळात कामगारांनीही ओरड केली होती. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. संघटनेने शहरात भित्तिपत्रके लावली. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ साली आपल्या छोट्या साप्ताहिकात धोक्याची सूचना छापली. ऐकले कोणी नाही.

दुर्घटनेनंतर कायदे भराभर झाले, हे सरकारच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले आणि धोका दिसल्यास तो बोलून दाखवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आता तो कारखाना कायदाच राहिला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या संहितेने घेतली. १९८९ साली घातक कचऱ्याचे नियम झाले, ते २००८ व २०१६ साली नव्याने लिहिले गेले. या नियमांचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे कचरा पुरण्याच्या अस्तर घातलेल्या जागा उभ्या राहिल्या, टँकरबरोबर नोंदपत्र जाऊ लागले, त्याच्या प्रती मंडळाकडे पोहोचू लागल्या. रात्रीच्या अंधारात नाल्यात टँकर सोडणारे अजून आहेत. पण पूर्वी ते दिवसाढवळ्या सोडत.

परंतु हे सारे नियम चालू कारखान्याच्या चालू कचऱ्याचे. जो कारखाना बंद झाला, ज्याचा मालक निघून गेला, त्याने मागे ठेवलेल्या विषाचे काय? याचे उत्तर त्या नियमांत धड नव्हते, आणि ज्या घटनेमुळे नियम झाले त्याच घटनेच्या जागेवर ते लंगडे पडले.

भोपाळच्या आवाराची मालकी कशी फिरली पाहा. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. ती माणसांच्या भरपाईची होती, जमिनीच्या सफाईचा त्यात हिशेब नव्हता. १९९४ साली अमेरिकन कंपनीने भारतीय कंपनीतील आपला हिस्सा मॅक्लिऑड रसेलला विकला आणि भारतीय कंपनीचे नाव एव्हरेडी झाले. १९९८ साली त्या कंपनीने भाडेपट्ट्याची जमीन मध्य प्रदेश सरकारला परत केली. सरकारने ती ताब्यात घेतली, विषासकट. २००१ साली डाऊ या कंपनीने अमेरिकेतील युनियन कार्बाइड विकत घेतली आणि भोपाळची जबाबदारी आपली नव्हे असे सांगितले. तीच निळ्या पिंपाची पावती! फरक इतकाच, की येथे भंगारवाला म्हणून जनतेचेच सरकार उभे होते. घरमालकदेखील भाडेकरूकडून खोली परत घेताना भिंतीला खिळे किती ठोकले ते पाहून घेतो.

२००४ साली उच्च न्यायालयात जनहितयाचिका झाली. तिच्या रेट्याने २००५ साली आवारात उघड्यावर पडलेला माल गोळा करून पोत्यांत भरला आणि तेथल्याच एका गोदामात ठेवला. तो सुमारे साडेतीनशे टन होता. येथून पुढे या पोत्यांची जी यात्रा सुरू झाली, ती एखाद्या वगनाट्यात शोभावी. प्रथम ती गुजरातेत अंकलेश्वरला जाळायची ठरली. २००७ साली गुजरात सरकारने नकार दिला. २०११ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती आपल्या नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्यास सांगितले. नागपूरच्या लोकांनी विरोध केला, महाराष्ट्र सरकारही विरोधात उभे राहिले, प्रकरण न्यायालयात गेले आणि बेत बारगळला. २०१२ साली जर्मनीत नेऊन जाळण्याची बोलणी झाली. जर्मन जनता बिथरली आणि तेथील संस्थेने अंग काढून घेतले. शेवटी इंदूरजवळचे पीथमपूर उरले. तेथे २०१५ साली दहा टन जाळून पाहिले. निष्कर्ष ठीक आले असे सांगण्यात आले, आणि त्यानंतर नऊ वर्षे काहीच झाले नाही. एकदा यशस्वी ठरलेला प्रयोग नऊ वर्षे थांबतो, याचे कारण मला कोणत्याही अहवालात सापडलेले नाही.

३ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे दुर्घटनेला चाळीस वर्षे झाली त्याच दिवशी, उच्च न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली आणि चार आठवड्यांची मुदत घातली. मग चाके फिरली. २०२५ च्या पहिल्या जानेवारीच्या रात्री बारा बंद गाड्यांतून ३३७ टन कचरा अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला निघाला. बरोबर पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशामक दल. वीस वर्षांत जमले नाही ते चार आठवड्यांत जमले. कोणी म्हणेल न्यायालयाचे यश. मी म्हणेन, हे कामच मुळी चार आठवड्यांचे होते.

या वाहतुकीतील एक तपशील माझ्या मनातून जात नाही. तो वर्तमानपत्रांतून आला आणि अधिकाऱ्यांनीच सांगितलेला आहे. पोती भरून गाड्यांत चढवण्यासाठी सुमारे शंभर माणसे लावली होती आणि त्यांची पाळी अर्ध्या तासाची होती. अर्धा तास काम, मग विश्रांती. अंगात संरक्षक पोशाख, वैद्यकीय तपासणी. फार चांगले झाले. आयुष्यभर आम्ही पाळीची लांबी कमी करा म्हणून भांडलो, पण अर्ध्या तासाच्या पाळीची मागणी करण्याचे धाडस आम्हालाही झाले नव्हते! मात्र याच मालाशेजारी लोक काय पाळीने राहत होते, ते पाहा. कुंपण मोडके. मुले आत क्रिकेट खेळत, गुरे चरत, बाया सरपण वेचत. त्यांची पाळी चाळीस वर्षांची, चोवीस तासांची, आणि अंगात पोशाख म्हणजे जो असेल तो. ज्या सरकारला पोत्यामागे माणूस अर्धा तास उभा करावा हे कळते, त्याला कुंपण नीट करणे का कळू नये?

आता पैशांचा हिशेब. या कामासाठी केंद्र सरकारने १२६ कोटी रुपये दिले. ३३७ टनांना भागून पाहा. टनाला सदतीस लाखांहून अधिक, किलोला जवळजवळ पावणेचार हजार रुपये. त्यातील निम्मा माल तर आवारातील मातीच होती. ही रक्कम ना कार्बाइडने दिली, ना तिला विकत घेणाऱ्यांनी. तुम्ही आम्ही काडेपेटीवर कर भरतो, त्यातून ती गेली. केंद्र सरकारने जादा भरपाईसाठी, ७,८४४ कोटींसाठी, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. ती मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

कचरा जळला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलो अशा वेगाने. मे महिन्यापासून उरलेला माल भट्टीत जाऊ लागला आणि जून २०२५ च्या अखेरीस संपला. धुराड्यातील वायू ठरलेल्या मर्यादेत राहिले असे प्रदूषण मंडळाने सांगितले. ते खरे मानून चालू. काम नीट झाले तर नीट झाले म्हणायला माझी ना नाही. पण जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे जी राख व जो अवशेष निघाला त्याचे वजन मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरले. म्हणजे भोपाळहून एक ओझे निघाले आणि पीथमपुरात दोन झाली. आता ती राख कोठे पुरायची, यावर पुन्हा न्यायालय, पुन्हा वाद.

पीथमपूरच्या लोकांना या बेतात कोणी विचारले होते काय? भट्टीच्या शेजारी तारापूर नावाचे गाव आहे. ३ जानेवारी २०२५ रोजी तेथे बंद झाला, दगडफेक झाली, दोन माणसांनी अंगावर आग घेतली. इंदुरात कितीतरी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेथील लोकही आपल्या पिण्याच्या पाण्याच्या काळजीने अस्वस्थ झाले, वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली. काही विद्वान या विरोधाला अडाणीपणा म्हणाले. मला तसे वाटत नाही. ज्याला चाळीस वर्षे 'सर्व काही ठीक आहे' एवढेच सांगितले गेले, त्याने एके दिवशी खरे सांगितल्यावरही विश्वास का ठेवावा? विश्वास हा काही सरकारी गोदामात साठवून ठेवता येत नाही. नागपूरकरांनी नको म्हटले ते शहाणपण आणि पीथमपूरच्या गावकऱ्यांनी नको म्हटले तो अडाणीपणा, असा भेद मला तरी करता येत नाही. फरक असलाच तर एवढा, की नागपूरच्या मागे राज्य सरकार उभे होते.

आता या साऱ्यातील मर्माचा मुद्दा. हा ३३७ टन कचरा म्हणजे भोपाळचे विष नव्हेच! ते फक्त वर दिसणारे, गोळा करून पोत्यांत भरता आले ते. नागपूरची नीरी आणि हैदराबादची भूभौतिक संस्था या सरकारी संस्थांनी २०१० साली अंदाज दिला, की आवारात दूषित झालेली माती ११ लाख टन आहे. ११ लाखांना ३३७ ने भागा : सव्वातीन हजारांत एक हिस्सा उचलला गेला. ज्या वेगाने ती भट्टी चालली, ताशी २७० किलो, त्या वेगाने ही माती जाळायची तर साडेचारशेहून अधिक वर्षे लागतील. सगळी माती जाळायची नसते, तिला दुसरे उपाय आहेत, हे मला माहीत आहे. पण ते उपाय सुरू झालेले नाहीत. आणि विष तर मातीतून पाण्यात गेलेले आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दूषित पाण्याच्या वस्त्या २२ होत्या. २०१८ साली लखनौच्या विषविज्ञान संस्थेने तपासले तेव्हा ४२ वस्त्यांचे भूजल दूषित निघाले. त्या वस्त्यांना नळाचे पाणी मिळावे म्हणून २००४ पासून न्यायालये आदेश देत आली. बाया भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या, तेव्हा कुठे नळ आले.

आता तुम्हीच मूल्यमापन करा. पोत्यांचा हिशेब धराल तर धोरण शंभर टक्के यशस्वी. मातीचा धराल तर शून्याच्या जवळ. पाण्याचा धराल तर शून्याच्याही खाली, कारण विष पसरत गेले. सरकारी अहवालात पहिला आकडा येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे बंब निदान त्याच गावी पोहोचला, पण अंगणातली शेकोटी विझवून परतला.

'ज्याने घाण केली त्याने खर्च द्यावा' हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मान्य केलेले आहे, असे येथील वकील मंडळी मला सांगतील. खरे आहे. ते तत्त्व ठसठशीतपणे आले ते १९९६ साली, राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या खटल्यात. १९८८ च्या सुमारास तेथे एच-अॅसिड नावाचे रंगधंद्यात लागणारे रसायन परदेशी पाठवण्यासाठी तयार होऊ लागले. थोड्याच काळात सुमारे चोवीसशे टन गाळ निघाला आणि तो इतस्ततः टाकला गेला. विहिरींचे पाणी तांबडेकाळे झाले. साठाच्या आसपास विहिरी आणि साडेतीनशे हेक्टर जमीन बाधली. कारखाना बंद झाला, पण पाणी काळेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मालकांना दोषी धरले आणि १९९७ साली सफाईसाठी सदतीस कोटींहून अधिक रक्कम ठरवली. मालकांनी काय केले? अर्ज. अर्जावर अर्ज. फेरविचार, फेरफेरविचार. २०११ साली न्यायालयाने पुन्हा निकाल दिला, रकमेवर १२ टक्के चक्रवाढ व्याज लावले आणि इतकी वर्षे प्रकरण लोंबकळत ठेवल्याबद्दल वर दहा लाखांचा खर्च बसवला. निकाल वाचून मला आनंद झाला, आणि मग मी बोटांवर मोजले : निकालापासून निकालापर्यंत पंधरा वर्षे. एवढ्या काळात पाळण्यातले पोर दहावीला बसते. विहिरीला व्याज मिळत नाही.

तत्त्व पुरेसे नसते. ते वसूल करणारा हात लागतो. ही गोष्ट अमेरिकेने आपल्या आधी ओळखली होती. नायगारा धबधब्याजवळच्या लव्ह कॅनॉल येथे हूकर नावाच्या कंपनीने सुमारे एकवीस हजार टन रसायने एका जुन्या कालव्यात पुरली आणि १९५३ साली ती जमीन शाळामंडळाला एका डॉलरला विकली. पुन्हा तीच पावती, पाहा! वर शाळा झाली, घरे झाली. १९७८ साली लोइस गिब्ज नावाच्या एका गृहिणीने शेजारणी गोळा केल्या आणि सरकारला घरे खाली करावी लागली. त्यातून १९८० साली जो कायदा झाला त्यात युक्ती अशी होती, की रसायन व तेल कंपन्यांवर आधीच कर बसवून निधी करायचा. मालक सापडला तर त्याच्याकडून वसुली, न सापडला तर निधीतून सफाई, पण सफाई थांबवायची नाही. १९९५ च्या अखेरीस त्या कराची मुदत संपली, ती तेथील कायदेमंडळाने वाढवली नाही, निधी आटला आणि कामे मंदावली. २०२१ नंतर कर परत आला. आजही त्यांच्या मुख्य यादीत तेराशेहून अधिक जागा आहेत, तेव्हा तेथे सोन्याचा धूर निघतो असे समजू नका. पण पैसा कोठून येणार हे आधी ठरवले की काम चालते आणि तो झरा बंद केला की थांबते, एवढा धडा त्यात आहे.

आपल्याकडे एक प्रकरण असे आहे, की तेथे कंपनीला आपला कचरा परत उचलावा लागला. कोडाइकनालचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना. तो मुळात अमेरिकेत होता, तेथून १९८३-८४ च्या सुमारास सामानासकट तामिळनाडूच्या डोंगरावर आला आणि पुढे हिंदुस्तान लीव्हरकडे गेला. २००१ साली गावातील भंगाराच्या दुकानात फुटक्या थर्मामीटरची पाराभरली काच सापडली. सापडली कोणाला? तेथील नागरिकांना आणि कामगारांना. त्यांनी ती जागा दाखवली, मोर्चा काढला, कारखाना बंद झाला आणि २००३ साली २९० टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला. श्रीमंत देशांतून गरीब देशांत कचरा येतो हे आपण नेहमी ऐकतो; उलटा गेलेला फार विरळा. कामगारांच्या भरपाईचा करार मात्र २०१६ साली झाला, ५९१ माजी कामगारांबरोबर, पंधरा वर्षांच्या लढ्यानंतर. आणि उरलेल्या मातीच्या सफाईत नवा वाद निघाला, तो मला फार बोधप्रद वाटतो. माती किती स्वच्छ केली म्हणजे स्वच्छ झाली? तेथे किलोमागे २० मिलिग्रॅम पारा चालेल असे ठरले. ब्रिटनमध्ये राहत्या घरांच्या जमिनीसाठी अशा पाऱ्याचा मार्गदर्शक आकडा १ मिलिग्रॅम आहे. कंपनीचे मूळ घर ब्रिटनमध्येच. माप बदलले की कामाची व्याप्ती बदलते, खर्च बदलतो आणि यशही बदलते. सफाईचे यश ऐकताना प्रथम विचारावे, गज कोणता लावला?

आता सरकारने अलीकडे टाकलेले पाऊल. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसंबंधी स्वतंत्र नियम जाहीर केले. त्यांत असे आहे, की स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांनी संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. दोषी माणूस शोधायचा, त्याच्याकडून खर्च घ्यायचा. तो न सापडला वा त्याची ऐपत नसली तर केंद्राने व राज्याने भार उचलायचा. १९८९ पासून जी फट होती ती बुजवण्याचा हा पहिला प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि तो मी स्वागतार्ह मानतो. त्या वेळी आकडा प्रसिद्ध झाला, की देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या आहेत आणि सफाई सुरू आहे ती ७ ठिकाणी. पैकी कित्येक जागा माझ्या तरुणपणापासून ऐकतो आहे. तामिळनाडूत राणीपेटला बंद क्रोमेट कारखान्याशेजारी लाखाहून अधिक टन क्रोमियमचा ढीग पावसात भिजत पडलेला आहे.

नियमांत एक उणीव आहे, ती मात्र साधी नाही. तपासणीला मुदत आहे, दोषी शोधायला मुदत आहे. जागा दूषित ठरल्यावर ती केव्हापर्यंत साफ झाली पाहिजे, याला मुदत नाही. आम्ही मालकाशी करार करतो तेव्हा 'पगारवाढ देण्याचे तत्त्वतः मान्य' असे वाक्य आले की जुना कार्यकर्ता पेन खाली ठेवतो आणि तारीख विचारतो. ती तारीख येथे नाही. भोपाळची तारीख उच्च न्यायालयाने घातली म्हणून पोती हलली; १०३ जागांना १०३ याचिका करणार कोण?

दुसरी गोष्ट यादीची. नगरपालिकेने संशयित जागा कळवायच्या. तिला कशा कळणार? बंद कारखान्याचे कागद गेलेले असतात, यंत्रे भंगारात गेलेली असतात, जमिनीवर नवी इमारत उठत असते. खड्डा कोठे खणला, त्यात काय ओतले आणि वर मुरूम केव्हा पसरला, हे फक्त दोघांना ठाऊक असते. एक मालक, तो सांगत नाही. दुसरा तो खड्डा खणणारा मजूर आणि त्याच्यावरचा मुकादम. त्यांना कोणी विचारत नाही. ही माणसे आज सत्तरीच्या पुढची आहेत. काही आपल्या गावी परतली आहेत, काहींची फुप्फुसे साथ देत नाहीत. त्यांच्याबरोबर ही माहिती जाणार आहे.

म्हणून आमच्या संघटनेने गेल्या वर्षापासून एक काम हाती घेतले आहे. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जुन्या कामगारांना आम्ही बसवतो, वहीच्या कागदावर कारखान्याचा नकाशा काढून देतो आणि कचरा कोठे जात असे तेथे फुली मारायला सांगतो. दोघांनी वेगवेगळे बसून एकाच जागी फुली मारली तरच ती धरतो. अशा काही फुल्या जमल्या आहेत. त्यांतील दोन आज जेथे मुले खेळतात तेथे पडतात. हे कागद आम्ही नगरपालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहोत, पोच घेणार आहोत, आणि पोचेच्या तारखेपासून सहा महिने मोजणार आहोत. सभागृहात अशा कारखान्यांत काम केलेले कोणी असतील, किंवा ज्यांचे वडील तेथे होते असे कोणी असतील, त्यांनी सभा संपल्यावर दाराशी थांबावे. वही मी बरोबर आणली आहे.